निळ्या ड्रममधला पालक

अक्का, तुमचा पालक मी उपटून टाकला. आठही ड्रममधला, मुळासकट, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. खाली गल्लीत मांडवाचे बांबू अजून पडून होते. गायकवाड मावशींनी समोरच्या गच्चीवरून पाहिलं आणि तिथूनच ओरडल्या, "अगं सुनंदा, थोरलीला जाऊन चौदा दिवस नाही झाले, लगेच बाग मोडायला निघालीस?" मी पालक गोणीत कोंबला, गोणीचं तोंड सुतळीने बांधलं आणि ती वेगळी ठेवली. तुमच्या खताच्या टाकीत टाकली नाही.

मावशींना उत्तर द्यायला वेळ होता. पहिलं उत्तर तुम्हाला द्यायचं होतं, ते मी तीन वर्षं टाळलं. आता तुम्ही ऐकायला नाही, तरी सांगते. लांबण लावलेली तुम्हाला आवडत नसे. मलाही आवडत नाही.

कासारवाडीच्या ह्या घरात आपण दोघी जावा. खाली तुम्ही, वर आम्ही, आणि गच्ची तुमची. असं कुणी वाटून दिलं नव्हतं. तुम्ही वर माती चढवत गेलात आणि गच्ची तुमची होत गेली.

तुमच्या घरातून काही बाहेर जात नसे. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत यायची तेव्हा आपल्या दारात एकच बादली असायची, माझी. तुमची साल, देठ, चहाचा चोथा, उरलेला भात, सगळं वर जायचं. नाशिक फाट्याजवळच्या रसवंतीतून उसाची चिपाडं यायची. रस्ता झाडणाऱ्या बायांना तुम्ही सांगून ठेवलं होतं, "पाला जाळू नका गं, मला द्या." अंघोळीचं पाणी पाइपाने मागच्या दारी एका खडीच्या टबात यायचं, तिथे कर्दळ ते पिऊन स्वच्छ करायची, मग ते दुधीला जायचं. तुमची मनू एकदा मोबाइल दाखवत म्हणाली, "आई, तू करतेस त्याला परमाकल्चर म्हणतात. लोक पैसे भरून क्लास लावतात." तुम्ही म्हणालात, "माझी माय परांड्याला हेच करायची. तिला कुणी क्लास लावला होता?"

मी तुमच्या उलट. मी आयुष्यभर चाकणच्या कंपनीत तपासणीला. हातात माप घ्यायचं गेज, समोर तयार माल. बरोबर तो हिरव्या ट्रेमध्ये, चुकला तो लाल ट्रेमध्ये. कुणी कितीही गयावया केली तरी लाल तो लाल. तुम्ही गमतीने म्हणायचात, "आमच्या सुनंदाला नवरासुद्धा मापात बसवून घेतलाय."

पण ती नोकरी मला तुमच्यामुळे मिळाली, हे मी कधी तोंडाने बोलले नाही. ओंकार सव्वा वर्षाचा होता. सासूबाई म्हणाल्या, पोर टाकून कंपनीत जायचं नाही. तुम्ही भाकरी थापत होतात. मान वर न करता म्हणालात, "तिला जाऊ द्या. पोर माझ्यापाशी राहील." विषय संपला. पहाटे साडेपाचची कंपनीची बस. ओंकारने पहिलं पाऊल टाकलं ते तुमच्यासमोर, पहिला ताप आला तो तुमच्या मांडीवर. मी घरी यायचे तेव्हा तो जेवून झोपलेला असायचा. वीस वर्षांत तुम्ही मला त्याबद्दल एकदाही ऐकवलं नाहीत. भांडताना तर अजिबात नाही, आणि भांडलो तर आपण रोज.

एवढ्या वर्षांत तुम्ही माझ्याकडे एकच गोष्ट मागितलीत. गुडघे गेले होते, खाली बसून खुरपणं होईना. म्हणालात, "तुमच्या कंपनीत ते निळे ड्रम असतात बग, तसले उंच आण ना कुठून. उभ्यानं काम होईल." वर्षभर अधूनमधून आठवण करत राहिलात. एक दिवस भंगार यार्डात मला आठ सापडले, साठ लिटरचे. भंगार उचलणारा माणूस म्हणाला, "न्या मॅडम, साबणाच्या पाण्याचे आहेत, धुऊन ठेवलेत." भोसरीकडे येणारा टेम्पो उभाच होता.

अक्का, त्या ड्रमांवरची लेबलं खरवडून काढलेली होती. गोंदाचे चौकोन तेवढे राहिले होते. माझ्या टेबलावर लेबल नसलेला एक स्क्रू आला तरी मी लाइन थांबवते. आणि इथे मी आठ ड्रम उचलले. तुमच्यासाठी काहीतरी नेता येतंय ह्याचाच मला इतका आनंद झाला होता की एकही उलटा करून पाहिला नाही.

तुम्ही पाहिलात. चार ड्रमांच्या तळाला पिवळट थर होता. तुम्ही राखेने घासला, साबणाने घासला, तरी थोडा उरलाच. मी तिथेच उभी होते. तुम्ही म्हणालात, "जाऊ दे. मातीच्या पोटात सगळं पचतंय." मला बरं वाटलं. खालून चिपाडं, वर पाला, वर खत, वर माती. पंधरा दिवसांत मेथी वर आली. तुम्ही सगळ्या गल्लीला बोलावून दाखवलंत, "माझ्या जावेनं आणलेत." मी खाली मान घालून हसत होते, नव्या नवरीसारखी.

दोन वर्षांनी माझी बदली प्लेटिंगच्या तपासणीला झाली. पहिल्याच आठवड्यात गोदामात तेच ड्रम दिसले. तेच पांढरं झाकण, त्याच जागी तोच चौकोन, फक्त ह्यांवर लेबल होतं. लेबलावर धोक्याचं चित्र, वाळलेलं झाड आणि मेलेला मासा. आत धातूवर मुलामा चढवायचं रसायन. तिथल्या माणसाला विचारलं, रिकाम्यांचं काय करता? तो म्हणाला, "आता नियमानं जातात मॅडम. पूर्वी कुणीही घेऊन जायचं."

माझे आठ त्यातलेच होते का? मला माहीत नव्हतं. शोधायचं असतं तर दोन दिवसांत कळलं असतं. एक चमचा माती पुडीत घालून तपासायला द्यायची, एवढंच काम. ते मी केलं नाही.

त्याऐवजी घरी येऊन तुम्हाला सांगितलं, "अक्का, निळ्या ड्रमात पालेभाजी लावू नका. फुलं लावा."

"कामून?"

"प्लास्टिक उन्हात तापतं. ते भाजीत उतरतं."

हे खोटं होतं. तुम्ही मात्र ते खरं धरलंत आणि त्यावर उपाय काढलात. सगळ्या ड्रमांना गोणपाट गुंडाळलं. मार्च ते जून, दिवसातून तीनदा तुम्ही ते गोणपाट भिजवत होतात. दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून, एका हातात बादली, एका हाताने कठडा. एकदा मी घामाघूम येत होते तेव्हा वरून हाक मारलीत, "सुनंदा, ये, हात लाव. गार पडलेत का नाही?" मी हात लावला. गार होते. तुम्ही म्हणालात, "आता बोल. निघाली ना वाट?" आणि दुप्पट पालक लावलात.

तो उन्हाळा मला पुसता येत नाही. बाकीचं एक वेळ येईल.

तेव्हा का बोलले नाही? खूप कारणं शोधून पाहिली. एकच टिकतं. तुम्ही माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होतीत आणि मी तुम्हाला विष आणून दिलं असेल, हे तुमच्या तोंडावर म्हणायची माझी हिंमत नव्हती. तपासणीत मी बारा-बारा इंजिनिअरांना तोंड दिलंय. तुमच्यासमोर जमलं नाही.

आणखी एक आहे, तेही सांगून टाकते. तुम्ही पालकाची जुडी वर पाठवायचात. मी ओंकारला ती कधी खाऊ घातली नाही. "त्याला आवडत नाही," म्हणायचे. ती जुडी माझ्या बादलीतून कचऱ्याच्या गाडीत जायची. गल्लीतल्या सात घरांत तुमचा पालक जात होता, तो मी जाऊ दिला. माझं पोर तेवढं बाजूला काढून घेतलं. ज्या पोराला तुम्ही वाढवलंत, ते.

दवाखान्यात डॉक्टरांना मी दोनदा विचारलं, "हे कशाने झालं?" ते म्हणाले, बीपी, गोळ्या बंद होत्या, मेंदूतली नस फुटली. मी पुन्हा विचारलं, "रसायनाचा काही संबंध?" त्यांनी माझ्याकडे विचित्र पाहिलं. "कसलं रसायन? गोळ्या बंद होत्या, ताई." गोळ्यांवरून आपलं किती वाजलं होतं! तुम्ही म्हणायचात शेवग्याचा पाला खातेय ना, मी म्हणायचे पाला खा आणि गोळीही घ्या. त्या भांडणात मी बरोबर होते. पण बरोबर असल्याचा काही उपयोग झाला नाही. दोन महिने मी डबी उघडून गोळ्या मोजल्यासुद्धा नव्हत्या. इतकी तपासनीस बाई.

तेराव्याची पंगत उठली, माणसं गेली, आणि मनू गच्चीवर आली. तुमची लेक तुमच्यासारखीच, रडून झालं की लगेच कामाला लागते.

"काकू, रविवारी टेम्पो सांगितलाय. चार निळे ड्रम रावेतला नेते, मातीसकट. बाल्कनीत बसतात, मापं घेतलीत."

"नको नेऊस."

"का? तुला पाहिजेत?"

"मला नकोत."

"मग?"

मी पुन्हा तेच सांगणार होते, प्लास्टिक, ऊन. तोंड उघडलंसुद्धा होतं. ती म्हणाली, "आई गेली नाही तोवर गच्ची तुझी झाली का काकू? चार ड्रमसुद्धा द्यायला जीव होत नाही?" तिचा आवाज चढला होता. खाली आवराआवर करणाऱ्या बायका थांबल्या असाव्यात, भांड्यांचा आवाज बंद झाला. मनू मग हळू बोलली, "छकुलीला मी आईच्या हातचं काहीच देऊ शकत नाही गं आता. ही माती तरी देते."

मनूची छकुली आठ महिन्यांची. नुकतं वरचं खायला लागलीये.

मग मी सांगितलं. भंगार यार्ड, लेबलं, पिवळा थर, प्लेटिंगचं गोदाम, ओंकारची जुडी. उभ्याउभ्या, एका दमात, कंपनीत बिघाडाचा अहवाल देतात तसं. मनूने मधे एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर कठड्याला टेकली आणि म्हणाली, "परवा खिचडीत घातला मी. तिच्या. ह्याच ड्रममधला. आजीचा म्हणून मुद्दाम."

मग तिनेच विचारलं,

"आईला माहीत होतं?"

"नाही."

"तू तिला पाणी मारायला लावलंस. उन्हात. मी फोनवर म्हणायचे, आई, कशाला एवढं करतेस. ती म्हणायची, सुनंदा म्हणते, तिला कळतं त्यातलं." एवढं बोलून ती जिना उतरून गेली. चप्पल घालायलाही थांबली नाही, हातात घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी पालक उपटला. आठ पुड्या भरल्या, प्रत्येकीवर ड्रमचा नंबर टाकला आणि त्याच दिवशी चाकणच्या वाटेवरच्या माती तपासणाऱ्यांकडे नेऊन दिल्या. आठ दिवस लागतील म्हणाले. मनूने छकुलीला डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले दोन चमच्यांनी काही होत नाही, तरी रक्त तपासू. हे तिने मला नाही, ह्यांना कळवलं. माझे फोन उचलत नव्हती.

त्या आठ दिवसांत मी सात घरं फिरले. अहवालाची वाट बघत बसले असते तर पुन्हा काहीतरी कारण सापडलं असतं.

गायकवाड मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग तीन वर्षं काय मिठाची गुळणी धरून बसली होतीस?" मी म्हटलं, हो. त्यांनी दार लावलं नाही. पण बस असंही म्हणाल्या नाहीत. कोपऱ्यावरचे तात्या, आयुष्यभर लेथवर काम केलेले, हसायला लागले. "अगं पोरी, आमी दुपारचा डबा त्याच तेलकट हातानं खाल्ला. पालकानं काय होतंय!" मला त्यांनी माफ केलं असं त्यांना वाटलं असावं. मी त्यांचे हात बघत होते. बोटांच्या पेरांतले जुने काळे डाग अजून गेलेले नाहीत. एका घरी सून म्हणाली, "अक्का गेल्यावर सांगायला बरं सुचलं." तिचं बरोबर होतं. उरलेल्या घरांत चहा मिळाला. तो पिणं जास्त जड गेलं.

छकुलीचं रक्त चांगलं निघालं. मातीचा अहवाल त्याच्यानंतर दोन दिवसांनी आला. आठपैकी पाच ड्रम ठीक. तीनमध्ये नको ते धातू, नको तितके. म्हणजे मातीच्या पोटात सगळं पचत नाही, अक्का. पाच ठिकाणी पचलं किंवा मुळात नव्हतंच, तीन ठिकाणी नाही पचलं. तुमचंही पूर्ण खरं नाही, माझंही नाही. तुम्ही असतात तर ह्यावर दोन तास वाद घातला असतात, आणि शेवटी म्हणाला असतात, "पाच तर बरे निघाले ना?" आणि मी चिडले असते. ते चिडणं आता मी एकटीने करते.

तीन ड्रमांची माती कुठे टाकायची हाच मोठा प्रश्न झाला. नाल्यात टाकली असती तर तुम्ही स्वप्नात येऊन झोडपलं असतंत. मी साहेबांकडे गेले. कंपनीचा घातक कचरा ज्या गाडीतून नियमाने जातो, तिच्यातून ही माती जाऊ द्या म्हटलं. ते म्हणाले, "मॅडम, मग ड्रम तुम्ही नेले होते हे लेखी द्यावं लागेल." दिलं. त्याचं पुढे काय व्हायचं ते होईल. माझी सही बघून साहेब म्हणाले, "तुम्ही? तुम्ही लेबल बघितलं नाही?" सगळ्यांत जास्त तेच लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

परवाच्या रविवारी मनू आली. एकटी, न सांगता. छकुलीला नवऱ्यापाशी ठेवून. पिशवीतून रबरी हातमोज्यांचे दोन जोड काढले, एक माझ्यापुढे टाकला. आम्ही तिन्ही ड्रम रिकामे केले. तुम्ही थरावर थर रचलेली माती, काळी, भुसभुशीत, वासाला पावसाळी जंगलासारखी. दिसायला तिच्यात काहीही वाईट नव्हतं. एक गांडूळ निघालं, मनूने ते हातावर घेतलं, मला विचारलं, "ह्याचं काय करायचं?" मला माहीत नव्हतं. तिने ते गोणीतच परत ठेवलं आणि तोंड फिरवलं.

सहा गोण्या भरल्या. दोघींच्या कमरा मोडल्या. मी चहा केला, तिने घेतला. मी म्हटलं, "पाच ड्रमांची माती चांगली आहे. कागद दाखवते. नेतेस?"

"नको. आत्ता नको."

मग निघताना ती मागच्या दारी थांबली. नळाजवळ कढीपत्त्याच्या बुडाशी चारपाच पिल्लं फुटलीत, तुम्ही जमिनीतच लावलेला तो. ती वाकली, एक पिल्लू दोन बोटांनी धरलं, उपटलं नाही.

"हे नेऊ?"

"ने की. ते ड्रममधलं नाही."

"माती चांगली आहे?"

"चांगली आहे. नक्की."

ती उभी राहिली. हातमोजा अजून हातात होता. "तपासलेलं नक्की, का तुझं नक्की?"

अक्का, मी तिला "अगं, जमिनीतलं आहे, काय होतंय" असं म्हणू शकले असते. तुम्ही तेच म्हणाला असतात आणि तिने ते पिल्लू नेलं असतं.

मी म्हटलं, "तपासलेलं नाही."

"मग आधी तपास," मनू म्हणाली. "मी थांबते तोवर." आणि गेली. ह्या वेळी चप्पल घालून गेली.

नळाजवळची माती मी पुडीत भरलीये. उद्या साडेपाचच्या बसने सोबत नेईन आणि येताना देईन.